‘राजीनामा लिहून द्या’ म्हणतात

प्रश्न : अकरा वर्षं एका कंपनीच्या खरेदी विभागात आहे. साहेब म्हणाले, ‘पुनर्रचनेत तुमचं पद रद्द झालंय. दोन महिन्यांत राजीनामा लिहून द्या, म्हणजे रेकॉर्ड स्वच्छ राहील.’ आणि परवा माझंच काम ‘सोर्सिंग एक्झिक्युटिव्ह’ अशा नावाने जाहिरातीत दिसलं! काय करू?

उत्तर : आधी पेन खाली ठेवा. वकिलीत यायच्या आधी मी नऊ वर्षं पर्सोनेलमध्ये होते, ‘रेकॉर्ड स्वच्छ’ हे वाक्य मीही लोकांना ऐकवलंय. स्वच्छ होतं ते कंपनीचं. राजीनामा दिलात की तुम्ही स्वखुशीने गेलात. मग नोटिशीचा पगार आणि भरपाई मागायची कुठल्या तोंडाने? दबावाने घेतलेल्या राजीनाम्याविरुद्ध भांडता येतं, पण दबाव सिद्ध करता करता दम निघतो. नारळ त्यांना द्यायचाय ना, मग कारणासह पत्रही त्यांनीच द्यावं.

रकमा आणि मुदती देशागणिक बदलतात. गाभा मात्र आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८२ च्या करारात (क्रमांक १५८) सापडतो: काढायला सबळ कारण हवं, पुरेशी नोटीस हवी, त्रयस्थ यंत्रणेकडे दाद मागता यायला हवी. बंधन अर्थात करार मंजूर केलेल्या देशांनाच, त्यामुळे आपला कायदा स्थानिक वकिलाकडून तपासून घ्या. तक्रारीची मुदत किती, हे पहिलं विचारा. ती उलटून गेली की चांगली केसही वाया जाते.

आता ती जाहिरात. काम तेच आणि पाटी नवी असेल, तर ‘पद रद्द’ म्हणणं लटकं पडतं. आजच तारखेसह स्क्रीनशॉट घ्या. अशा जाहिराती रातोरात गायब होतात. नेमणूकपत्रातली कामं शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहा. त्याच करारासोबतची शिफारस, क्रमांक १६६, म्हणते की पुन्हा तशीच भरती झाली तर कमी केलेल्यांना प्राधान्य द्यावं. पण परत यायची इच्छा आपण कळवलेली असावी लागते. तेव्हा मेल करा : ‘मी राजीनामा देत नाही. पद रद्द केल्याचं कारण, मलाच का निवडलं त्याचे निकष आणि देण्याघेण्याचा हिशेब लेखी द्यावा. तशीच जागा निघाल्यास माझा विचार व्हावा.’ मेलची प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावर ठेवा.

पगाराच्या स्लिपाही आत्ताच उतरवून घ्या, ऑफिसचं लॉगिन कधी बंद होईल याचा नेम नाही. कंपनीच्या गोपनीय फायलींना मात्र हात लावू नका, नाहीतर काढायला खरंखुरं कारण तुम्हीच पुरवाल.