ही धडधड दिवाळीची नाही

"मावशी, मी 41 वर्षांची. डोंबिवलीत राहते, नोकरी ठाण्याला. दसरा झाल्यापासून छातीत सारखी धडधड होते. पहाटे तीनला जाग येते ती येतेच, मग डोक्यात फराळाची यादी सुरू. दिवाळीत नणंद, भाऊजी आणि मुलं चार दिवस राहायला येतात. गेल्या वर्षी माझ्या चकल्या तेलात विरघळल्या, ते अजून बोलून दाखवतात. यंदा काय होईल या विचाराने हातपाय गार पडतात. लोकलमध्ये चक्कर येते, मध्येच डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं. मिस्टर खूप समजूतदार आहेत, मला कधीच काही बोलत नाहीत. सणासुदीत मन शांत राहावं म्हणून श्वासाचे व्यायाम सांगाल का? (डॉक्टरांनी चिंतेसाठी रोजची गोळी दिली होती. आषाढापासून घेत होते, बरंही वाटत होतं. पण भाऊजींचं मेडिकल आहे, पाकीट दिसलं की लगेच ओळखतील. मिस्टर म्हणाले, दिवाळी होईपर्यंत राहू दे. दसऱ्यापासून बंद आहे.)"

अगं, जे सगळ्यात आधी सांगायचं ते तू कंसात घातलंस!

पत्र मी दोनदा वाचलं. सुरुवातीला लिहितेस, धडधड दसऱ्यापासून. शेवटी लिहितेस, गोळी दसऱ्यापासून बंद. मधल्या सगळ्या जागेत चकल्या आणि नणंद. ही दोन वाक्यं एका कागदावर एकाखाली एक लिही आणि बघ. तीन महिने बरं वाटत होतं, गोळी थांबली आणि पहाटेची झोप उडाली. यात फराळाचा दोष किती?

चिंतेसाठी रोज घ्यायच्या बहुतेक गोळ्यांचा गुण हळूहळू येतो, त्याला काही आठवडे लागतात. तेवढ्या काळात मेंदूला त्यांची सवय होते. म्हणून बंद करायच्या तेव्हाही डॉक्टर त्या हळूहळू, मात्रा कमी करत बंद करतात. एका दिवसात तोडल्या तर अनेकांना थोड्याच दिवसांत चक्कर येते, झोप मोडते, जीव घाबरा होतो, आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं. ती लोकलमधली वीज तू अगदी सहज लिहून गेलीस, मी मात्र तिथेच थांबले. ही गोळी सोडल्याची लक्षणं आहेत की जुनी चिंताच पुन्हा वर आली आहे, ते डॉक्टर ठरवतील. तुझ्या गोळीचं नाव मला माहीत नाही, म्हणून मी ठरवणार नाही. काही गोळ्या तर अशा असतात की एकदम सोडल्या तर फिट येऊ शकते. तेव्हा हा विषय दिवाळीनंतरचा नाही.

आता तुझ्या मिस्टरांबद्दल. ते समजूतदार आहेत असं तू लिहितेस. मला ते पत्रात कुठेच दिसलं नाही. बायकोला ज्या औषधाने बरं वाटतं, ते पाहुण्यांना दिसू नये म्हणून बंद करायला सांगणं ही समजूत नव्हे. आपल्या घरांतून फ्रिजवर किंवा जेवणाच्या टेबलावर औषधांचा एक डबा असतोच. त्यात आईची बीपीची गोळी असते, बाबांची शुगरची असते, आणि पाहुणे आले म्हणून तो डबा कोणी कपाटात लपवत नाही. नणंद येणार म्हणून सासूबाईंची बीपीची गोळी चार दिवस बंद ठेवा असं हेच गृहस्थ म्हणाले असते का? मग तुझ्याच बाबतीत का म्हणाले, हे त्यांना तू विचार. पाठीशी घालू नकोस.

आणि भाऊजी! अगं, ज्यांचं मेडिकल आहे ते अशी पाकिटं रोज गिऱ्हाइकांच्या हातात ठेवतात. शिक्षक, रिक्षावाले, बँकेतली माणसं, नुकत्याच बाळंत झालेल्या मुली, सगळे ती घेऊन जातात. तुझं पाकीट ओळखणारा त्या घरात एकच माणूस असेल, आणि नेमका त्यालाच ठाऊक असेल की हे किती जण घेतात. तू सगळ्यात जास्त त्यालाच घाबरलीस.

तेव्हा एकच काम सांगते. हे वाचून झालं की त्याच डॉक्टरांना फोन लाव. संध्याकाळी नको, फराळ उरकल्यावर नको. लक्ष्मीपूजन आणि पाडव्याला दवाखाने बंद असतील आणि तू पहाटे तीनला एकटी छताकडे बघत बसशील. फोनवर गोळीचं नाव आणि मात्रा सांग, कुठल्या तारखेपासून बंद केली ते सांग, आणि धडधड, चक्कर, झोप, डोक्यातली वीज, सगळं सांग. 'जरा बरं नाही' असं म्हणून थांबू नकोस. आपल्या मनाने जुनी गोळी पुन्हा सुरू करू नकोस. इतक्या दिवसांच्या खंडानंतर किती मात्रेपासून सुरू करायचं, ते त्यांना ठरवू दे. रागावतील म्हणून घाबरू नकोस, मध्येच गोळ्या सोडलेले पेशंट त्यांच्याकडे नेहमी येतात. ते भेटलेच नाहीत तर 14416 लाव. केंद्र सरकारची टेली मानस ही मोफत सेवा 2022 पासून चोवीस तास चालू आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. आणि छातीत दुखलं, श्वास पुरेना झाला, किंवा जगणं नको असे विचार आले, तर फोनाफोनी न करता सरळ हॉस्पिटल गाठ.

श्वासाचा व्यायाम विचारलास. श्वास घ्यायला चार आकडे, सोडायला सहा, पाच मिनिटं, बसून. छातीतली धडधड त्याने थोडी निवते. पण बंद केलेल्या गोळीची जागा तो घेणार नाही, म्हणून आधी फोन. दुपारनंतरचा चहाही सोड, पहाटे जाग येण्यात त्याचा हात असू शकतो.

चकल्या विकत आण. डोंबिवलीत घरगुती फराळ विकणाऱ्या बायका हव्या तेवढ्या आहेत. कोणी काही बोललं तर बोलू दे.

डॉक्टर नवीन चिठ्ठी देतील, तेव्हा गोळ्या आणायला मिस्टरांनाच पाठव. कोपऱ्यावरच्या दुकानात चार ओळखीची माणसं उभी असताना त्यांनी गोळीचं नाव घेऊन मागावी, आणि घरी आल्यावर पाकीट सगळ्यांच्या औषधांच्या डब्यात स्वतःच्या हाताने ठेवावं. नणंद यायच्या आधी.