चिनी लोकांमध्ये चेहऱ्याचं दुखणं आणि मानसिक ताण यांचा संबंध खरंच असतो का? आधी काय येतं, दुखणं की टेन्शन?

मी डॉक्टर नाही, कापडवाला आहे. इचलकरंजीचा. 2013 ते 2018 अशी पाच वर्षं चीनमध्ये शाओशिंगजवळच्या केचियाओला होतो. कापडाच्या धंद्यातल्या माणसाला केचियाओ सांगावं लागत नाही, बाकीच्यांनी एवढंच समजा की तिथल्या बाजारात दुकानं मोजायला गेलात तर दिवस मावळेल. तुमच्या प्रश्नातलं ‘आधी काय’ हे वाचलं आणि आमच्या घरातलं 2009 पासूनचं भांडण वर आलं. तेव्हा उत्तर लांबणार, घाईत असाल तर शेवटाकडचं वाचा.

माझी घरमालकीण खालच्या मजल्यावर राहायची. तिकडे वयाने मोठ्या बाईला ‘आयी’ म्हणतात, म्हणजे मावशी. मराठी कानाला ते ‘आई’च ऐकू येतं, त्यामुळे भाडं देताना घासाघीस करायची माझी कधी हिंमतच झाली नाही. साठीची बाई. बाजारातल्या दुकानांसाठी शेड कार्डं बनवायची. झिगझॅग कात्रीने कापडाचे तुकडे कापायचे, पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवायचे, नगावर पैसे. जेवायच्या टेबलावरच कारखाना.

2015 च्या हिवाळ्यात तिचं सुरू झालं. शाओशिंगला सरकारी हीटिंग नाही, ते हुआय नदीच्या उत्तरेला. दमट, हाडात शिरणारी थंडी, घरातसुद्धा अंगावर जाकीट. आयी बोलता बोलता मध्येच थांबायची. उजवा हात गालाकडे जायचा आणि गालापासून बोटभर अंतरावर अडायचा. गालाला लावायची नाही. दहा-पंधरा सेकंद तशीच, डोळ्यांत पाणी. मग परत तुकडा उचलायचा, डिंक लावायचा, जिथे वाक्य तुटलं होतं तिथून पुढे. दाढ दुखणारा माणूस गाल दाबून धरतो हो! ही तर वाऱ्यालाही गाल लागू देत नव्हती, जिन्यातून खाली जातानाही मफलर गुंडाळायची. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं.

पहिलं निदान गल्लीनेच केलं: ‘शांग-ह्वो’, अंगात आग चढली. तळलेलं बंद, मटण बंद, शेवंतीचा चहा आणि गरम पाणी. दुसरं निदान दाढ. चिनी भाषेत म्हणच आहे, दातदुखी हा काही आजार नव्हे, पण दुखायला लागली की जीव घेते. जवळच्या दातवाल्याने एक दाढ काढली. फरक शून्य. महिन्याने शेजारची काढली. दात घासले की कळ, घास चावला की कळ, म्हणून बाई उजवीकडे ब्रश लावेना आणि भाताची पेज डावीकडून गिळायला लागली.

तिसरं निदान सगळ्यात वाईट. मुलगा शेन्झेनला, त्याचा घटस्फोट झालेला, नातू सुनेकडे. हे गल्लीला ठाऊक होतं. मग काय, बहीण, शेजारीण, दवाखान्यातला डॉक्टर, सगळ्यांचं एकच: ‘श्यांग थाय द्वो’. फार विचार करतेस. झोपेच्या गोळ्या देऊन घरी पाठवली. आणि मीही शहाण्यासारखी मान डोलावली.

आता तुमच्या प्रश्नाचा भाग. चिनी माणूस मनाचं दुखणं शरीरातून सांगतो, हे जे सगळीकडे वाचायला मिळतं त्यामागे बऱ्याच अंशी एक काम आहे. आर्थर क्लाइनमन नावाचे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ 1980 मध्ये हुनान प्रांतातल्या छांगशाला गेले. तिथे ‘शनचिंग श्वाय-र्वो’, म्हणजे नसा कमजोर झाल्या, असं निदान झालेले 100 रुग्ण त्यांनी तपासले. त्यांतले 87 डिप्रेशनच्या निकषात बसले. तक्रारी मात्र डोकेदुखी, झोप नाही, गळून जाणं. लोक एवढंच वाचतात आणि पुढे जातात. सांस्कृतिक क्रांती संपून तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. मी निराश आहे असं म्हणणं म्हणजे राजवटीविरुद्ध तक्रार केल्यासारखं होतं, आणि डोकं दुखतंय म्हटलं तर रजा मिळायची. माणूस जे बोलून चालतं तेच बोलतो. आपल्याकडच्या बायका ‘कंबर धरली’ म्हणतात तेव्हा काय वेगळं असतं?

चेहऱ्याच्या दुखण्यावर हाँगकाँगच्या विद्यापीठातल्या दंतवैद्यांनी साध्या लोकांना फोन करून पाहण्या केल्या आहेत. ज्यांचं तोंड, जबडा, गाल दुखतो त्यांच्यात ताण आणि उदासी जास्त, असंच निघालं. पण यात चिनी असं काही नाही. अमेरिकेत 2006 पासून जबडा अजिबात न दुखणाऱ्या लोकांवर काही वर्षं नजर ठेवली होती. ज्यांना आधीपासून ताण जास्त आणि अंगाच्या बारीकसारीक तक्रारी जास्त, त्यांच्यात जबड्याचं दुखणं नव्याने जास्त सुरू झालं. म्हणजे टेन्शन आधीही येतं. आणि दुखण्यामागून टेन्शन येतं हे सांगायला संशोधन लागत नाही, तीन रात्री दाढ ठणकू द्या.

तर आयी. शेवटी मीच तिला हांगचौला नेलं, रेल्वेने अर्धा तासही लागत नाही. सकाळी सहाला जाऊन नंबर लावला, अकराला आत गेलो, आत चार मिनिटं. तरुण डॉक्टर होता. त्याने तीनच गोष्टी विचारल्या: किती सेकंद दुखतं, तोंड धुताना येतं का, आणि दोन कळांच्या मधे अगदी बरं वाटतं का. चिठ्ठीवर त्याने मेंदूतून निघणारी एक नस काढली आणि तिच्यावर टेकलेली रक्तवाहिनी काढली. ‘सान-छा शनचिंग थोंग’ म्हणाला. तीन फाट्यांच्या नसेचं दुखणं, आपल्याकडे ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात ते. दाढा निष्कारण गेल्या होत्या.

आयीचा चेहरा उतरला. मला वाटलं, आजाराचं ऐकून. परतीच्या गाडीत कळलं. चिनी भाषेत ‘शनचिंग’ म्हणजे नस, पण ‘शनचिंग-पिंग’ म्हणजे नसेचा आजार नव्हे, ती शिवी आहे: येडा, सटकलेला. तिने तेवढाच शब्द ऐकला होता. शाओशिंग येईपर्यंत मला दोनदा बजावलं, गल्लीत दाढच सांगायची. म्हणजे ‘मनाचं आहे’ हे ऐकून आधीच थकलेली बाई, खरं निदान मिळाल्यावरही तेच ऐकते.

गोळी कार्बामाझेपिन. पण सुरू करण्याआधी रक्त घेतलं आणि अहवाल येईपर्यंत गोळी दिली नाही, तेव्हा मी वैतागलो होतो. नंतर वाचलं. काही लोकांना या गोळीने कातडी भाजल्यासारखी सोलून निघते, माणूस दगावतो. 2004 मध्ये तैवानच्या डॉक्टरांनी असे 44 रुग्ण तपासले, 44 च्या 44 जणांत एचएलए-बी 15:02 हा एकच जनुकीय प्रकार निघाला. तो हान चिनी आणि आग्नेय आशियातल्या लोकांत बराच आढळतो, युरोपियनांत जवळजवळ नाही. 2007 मध्ये अमेरिकेच्या औषध खात्यानेही आशियाई वंशाच्या रुग्णांची आधी तपासणी करा असं सांगितलं. तेव्हा चेहऱ्याच्या दुखण्यात ‘चिनी’ हा शब्द कुठे खरोखर महत्त्वाचा असेल तर तो या रक्ताच्या चाचणीत. स्वभावात शोधू नका.

आयीचा अहवाल निगेटिव्ह आला. गोळीने पहिले दोन दिवस चक्कर, चौथ्या दिवशी तिने उजवीकडून शेंगदाणे चावून दाखवले. एकेक, मोजून. मुलगा शेन्झेनलाच होता, नातू सुनेकडेच होता, पण सहा महिने बंद पडलेला माहजाँगचा डाव आठवड्यात सुरू झाला.

त्याच रात्री मी दादाला फोन लावला. 2009 मध्ये बाबा गेले आणि आईचा जबडा दुखायला लागला. दादाचं मेडिकलचं दुकान, त्यामुळे घरात त्याचा शब्द शेवटचा. ‘मनावर घेतलंय तिने, फार लक्ष देऊ नका,’ हे त्याचं पालुपद. मी म्हणायचो दाढ आहे. त्यावरून आमचं जे वाजलं ते तीन वर्षं दिवाळीला एका पंगतीत बसलो नाही. आयीची गोष्ट सांगून मी म्हटलं, बघ, मनाचं मनाचं म्हणून काय होतं ते. दादा म्हणाला, ‘आणि आईच्या दोन दाढा कुणी काढून आणल्या?’

मीच. दादाला न सांगता.

तर हे आता सांगायलाच हवं: आईचं नसेचं नव्हतंच. पुढे एका बाई डॉक्टरांनी तिचे झिजलेले दात आणि जिभेच्या कडेवरचे दातांचे ठसे आरशात दाखवले. रात्रभर दात आवळून झोपायची. त्यांनी झोपेचं विचारलं, बाबांचं विचारलं, आणि आई त्या खुर्चीतच रडली. रात्री दातांवर घालायचा साचा, म्हणजे स्प्लिंट दिला, जबड्याचा व्यायाम दिला. जबड्याच्या दुखण्याचे जे निकष 2014 पासून जगभर वापरतात त्यात एका बाजूला सांधा आणि स्नायू तपासतात, दुसऱ्या बाजूला उदासी आणि चिंतेचे प्रश्न विचारतात. एकाच रुग्णाला दोन्ही. म्हणजे दादाचं निदान बरोबर होतं हे मान्य. पण निदान झाल्यावर ऐकायचं असतं, त्याने ऐकायचंच बंद केलं. हे मी अजून सोडलेलं नाही.

तुमचं स्वतःचं दुखत असेल तर: विजेसारखी कळ, सेकंदांत येऊन जाते, वारा, ब्रश, घास लागला की येते, तर आधी न्यूरॉलॉजिस्ट, दाढ नंतर. सकाळी उठल्यावर बोथट दुखतं, जबडा कटकट वाजतो, तर जबड्याचं बघणारा दंतवैद्य. वय चाळिशीच्या आत असेल, दोन्ही बाजूंना असेल किंवा गाल बधिर होत असेल तर एमआरआय टाळू नका. आणि कार्बामाझेपिनच्या गोळ्या ओळखीच्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेऊ नका. दादा, देऊही नकोस.

आईचा स्प्लिंट दर सहा महिन्यांनी कोल्हापूरला दाखवून आणतो तो दादाच. हे लिहिलं नाही तर आई आज जेवायला वाढणार नाही.