पोलिओचं इंजेक्शन झालंय, मग थेंब कशाला?

ताई, इंजेक्शन झालं तरी थेंब पाजा म्हणणाऱ्या तुमच्या सासूबाईंचं बरोबर आहे. बाळाची पोलिओची इंजेक्शनं वेळेवर झाली असली तरी रविवारी बूथवर नेऊन थेंब पाजाच. "इंजेक्शन जास्त भारी, मग परत थेंब कशाला" हे मला वर्गातही दरवर्षी कुणीतरी विचारायचंच (मेडिकलच्या मुलांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचो). म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पोलिओचा विषाणू तोंडावाटे शिरतो, आतड्यात वाढतो आणि शीतून बाहेर पडतो. क्वचित कुणाच्या तरी रक्तातून तो मज्जारज्जूपर्यंत पोचतो आणि पाय लुळा पडतो. इंजेक्शनने रक्तात अँटीबॉडी (जंतूंना धरणारी प्रथिनं) तयार होतात, त्या ही शेवटची वाट अडवतात. म्हणजे तुमचं बाळ वाचलं. पण त्याच्या आतड्यात विषाणू निवांत वाढू शकतो आणि लंगोटातून शेजारच्या बाळाकडे जाऊ शकतो.

आतड्यातला पहारा वेगळाच. तिथे असते आयजीए नावाची अँटीबॉडी. बाकी सगळ्या जातींच्या अँटीबॉडी मिळून होत नाहीत एवढी ही एकटी रोज तयार होते, मोठ्या माणसात दिवसाला काही ग्रॅम! अस्तराच्या पेशी तिला आरपार नेताना वर प्रथिनाचा एक तुकडा चढवतात, त्यामुळे पाचकरसातही ती टिकते. तिचं काम मारामारीचं नाही. जंतूंना धरायचं, एकमेकांत गुंतवायचं, बुळबुळीत स्रावात अडकवायचं. पुढे ते शीबरोबर बाहेर. सूज नाही, ताप नाही. अन्न आणि उपयोगी जिवाणू रोज तिथूनच ये-जा करतात, प्रत्येकाशी लढाई काढली असती तर आतडं कायम सोललेलंच राहिलं असतं.

यातल्या काही अँटीबॉडी आजार किंवा लस नसतानाही तयार होतात. नैसर्गिक म्हणतात त्या याच. पकड सैल, पण अनेक जंतूंना थोडी थोडी बसणारी. नवजात बाळाकडे स्वतःची आयजीए जवळजवळ नसते, ती येते आईच्या चिकातून. (चीक पिळून टाकायला सांगणाऱ्या आज्या अजून भेटतात. टाकू नका.)

पोलिओला मात्र सैल पकड पुरत नाही. नेमकी आयजीए हवी, तर विषाणू आतड्यात दिसावा लागतो. थेंबांत तोच असतो, जिवंत पण दुबळा केलेला.

इस्रायलने 2005पासून फक्त इंजेक्शन ठेवलं होतं. 2013 साली तिथल्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडला. लुळं कुणीच पडलं नव्हतं, पण तो मुलांच्या आतड्यांतून गुपचूप फिरत होता. शेवटी 10 वर्षांखालच्या मुलांना थेंब पाजावे लागले.

उलटंही खरं आहे. आपल्याकडे मुरादाबादला केलेल्या अभ्यासात, आधी थेंब घेतलेल्या मुलांना एक इंजेक्शन दिल्यावर आतड्यातलं संरक्षण आणखी वाढलं. म्हणून आपल्या वेळापत्रकात दोन्ही आहेत.

थेंबांतला विषाणू फार क्वचित बदलून त्रास देऊ शकतो, हे लपवत नाही. पोलिओ विषाणूच्या तीन प्रकारांपैकी टाइप 2 तर 2016मध्ये थेंबांतून काढूनच टाकला. बाळाला जन्मजात प्रतिकारशक्तीचा आजार असेल, तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

थेंबांच्या आधी किंवा नंतर अंगावर पाजलं तरी चालतं. लगेच उलटी झाली तर तिथेच सांगा, पुन्हा पाजतात. करंगळीवर शाई लागली म्हणून तसेच परत येऊ नका.