मुलीला पहिली-दुसरीला शिकवायचंय : पीटीसी की बी.एड.?

तुम्ही लिहिलंय की मुलगी बारावी झाली, तिला पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवायचंय आणि ती पीटीसीला (प्राथमिक शिक्षकांच्या कोर्सला) जाते म्हणते. तुमचं म्हणणं, आधी ग्रॅज्युएशन, मग बी.एड.; "नुसत्या पीटीसीने काय होणार?" हे शेवटचं वाक्य वाचलं आणि मी लिहायला बसले. मी नुसती पीटीसीच आहे. बडोद्यात म्युनिसिपल शाळेत पस्तीसएक वर्षं झाली, त्यातली बहुतेक पहिली आणि दुसरीवर गेली.

आधी नियमाचं सांगून टाकते. पहिली ते पाचवीसाठी बारावी 50 टक्क्यांनी पास, वर दोन वर्षांचं पीटीसी (आता कागदावर डी.एल.एड. म्हणतात, बोलताना सगळे पीटीसीच) आणि टेट-1, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. 2010 साली एनसीटीईने (शिक्षकांची पात्रता ठरवणारी केंद्रीय संस्था) हे ठरवलं. मधे 2018 च्या जूनमध्ये त्यांनीच बी.एड.वाल्यांना पाचवीपर्यंत शिकवायची मुभा दिली, नोकरी लागल्यावर सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करायच्या अटीवर. 11 ऑगस्ट 2023 ला सुप्रीम कोर्टाने तो दरवाजा बंद केला. म्हणजे तुमच्या म्हणण्याप्रमाणे मुलीने पाच वर्षं घालवून बी.एड. केलं, तर सरकारी शाळेत पहिली-दुसरीसाठी ती पात्रच ठरणार नाही.

आमच्या घरात नेमकं हेच झालं.

माझा दादा बी.एस्सी. बी.एड., हायस्कूलला गणित शिकवायचा. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी कोणी पाहुणे आले की बाबा ओळख करून द्यायचे, "हा मोठा, शिक्षक आहे. आणि ही धाकटी, ही पण मुलांना शिकवते." 'शिक्षक' हा शब्द माझ्या वाट्याला कधी आला नाही. माझं लग्न ठरवतानाही पीटीसी म्हटलं की समोरचे विचारायचे, "पुढे काही करणार आहे का?"

दादाची मुलगी दुसरीत होती तेव्हाची गोष्ट. 2002 असेल. तोंडाने 'सत्तावीस' म्हणायची आणि पाटीवर 72 लिहायची. दादा चिडला. त्याने तिला 27 पन्नास वेळा लिहायला लावलं. तिने लिहिलं, रडत रडत. दुसऱ्या दिवशी 'चौसष्ट' विचारलं तर 46.

मी वहिनीला म्हटलं, चार दिवस संध्याकाळी हिला माझ्याकडे दे. खराट्याच्या काड्या तोडून सारख्या केल्या, रबरबँड घेतले. दहा काड्या मोजायच्या, बांधायच्या, गठ्ठा डावीकडे. सुट्या उजवीकडे. पहिला दिवस नुसते गठ्ठे बांधण्यात गेला, पाटी काढलीच नाही. दुसऱ्या दिवशी म्हटलं, सत्तावीस मांड. तिने आधी सात सुट्या मांडल्या, मग दोन गठ्ठे. बरोबरच होतं तिचं! सत्तावीसमध्ये कानावर आधी 'सात' पडतो आणि 'वीस' नंतर. पोर ऐकलेल्या क्रमाने लिहीत होती. तिला म्हटलं, तोंड आधी सुट्या सांगतं, पण लिहिताना आधी गठ्ठे लिहायचे. तिने काड्यांकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं आणि 27 लिहिलं. मग स्वतःच म्हणाली, "आत्या, चौसष्ट सांग." चौथ्या दिवशी एकोणतीसवर अडली, कारण तिथे तर तीस ऐकू येतं आणि लिहायचे वीस. त्यासाठी तीन गठ्ठे मांडले आणि तिलाच एका गठ्ठ्यातली एक काडी काढून घ्यायला लावली. रबरबँड सैल झाला, गठ्ठा मोडला, हातात नऊ सुट्या राहिल्या. तिचा चेहरा मला अजून आठवतो.

दादा दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "हे सगळं छान आहे, पण याला काही डिग्री लागत नाही. काड्या तर आहेत."

ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. काड्या प्रत्येकाच्या घरी असतात. पण पोरगी 72 का लिहिते, हे एम.एस्सी. झालेल्या माणसालाही आपोआप कळत नाही, ते शिकावं लागतं. मला पीटीसीच्या दुसऱ्या वर्षी शिकवलं. आमच्या बेन (तिथल्या बाई) मुलांच्या वह्या आणून आमच्यापुढे टाकायच्या आणि म्हणायच्या, लाल पेन खाली ठेवा, या मुलाने काय विचार करून हे लिहिलं ते मला सांगा. बी.एड.ला हे नसतं, कारण त्यांचा सगळा भर वरच्या वर्गांचा विषय कसा शिकवायचा यावर. त्यात कमीपणा नाही, काम वेगळं आहे. 2019 मध्ये महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणितात सत्तावीसचं 'वीस सात' असं वाचन आलं तेव्हा लोकांनी केवढा गदारोळ केला. त्यातल्या किती जणांनी सत्तावीस 72 लिहिणारं पोर जवळ बसून पाहिलं होतं?

तीच पुतणी 2013 ला बारावी झाली. तिला लहान मुलांनाच शिकवायचं होतं. मी म्हटलं, पीटीसी कर, 2015 ला मोकळी होशील. दादा म्हणाला, माझी मुलगी पीटीसी करणार नाही. बी.एस्सी. झालं, मग दोन वर्षांचं बी.एड., ते संपलं 2018 ला, आणि नेमकी तेव्हाच ती मुभा आली. दादाने मला पेपर आणून दाखवला, "बघ, आता बी.एड. दोन्हीकडे चालतं." पुढचं तुम्हाला वर सांगितलंच आहे. ती आता टेट-2 वर सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. चांगली शिकवते. पण दिवाळीत माझ्या वर्गातले रंगीत ठोकळे पुसत बसली होती, तेव्हा म्हणाली, "आत्या, मला पहिलीच हवी होती."

सुप्रीम कोर्टाचा निकाल आला त्या दिवशी दादाला फोन करावा असं फार वाटलं. केला नाही. निकालाचा अर्थ एवढाच होता की लहान मुलांना शिकवायचं प्रशिक्षण हे वेगळं प्रशिक्षण आहे आणि चांगलं शिक्षण हा मुलाचा हक्क असेल तर ते घेतलेलाच माणूस वर्गात हवा. मी हे 2002 पासून सांगत होते. ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1906 साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तिथे पहिलीच्या बाईला कमी लेखावं याचा मला खरंच राग येतो.

आता काही गोष्टी राहिल्या. पीटीसी म्हणजे लगेच नोकरी, असं नाही. टेट-1 चे 150 प्रश्न, खुल्या वर्गाला 90 गुण लागतात, आणि पास झालं तरी विद्यासहायक (सरकारी प्राथमिक शिक्षक) भरती निघेपर्यंत कधी कधी वर्षं जातात. तोवर तिने बाहेरून बी.ए. करावं, पदवी आणि पीटीसी दोन्ही असेल तर टेट-2 देऊन सहावी ते आठवीही उघडते. दुसरं, 2020 च्या शैक्षणिक धोरणात 2030 पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही किमान पात्रता करायचं लिहिलंय. त्या कोर्समध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठीचा वेगळा टप्पा असतो. जवळपास तशी जागा मिळत असेल तर ती जरूर बघा, डिग्रीची तुमची हौसही भागेल. तुमचं नेहमीचं तीन अधिक दोनवालं बी.एड. मात्र पहिली-दुसरीसाठी चालत नाही. आणि सगळी पीटीसी कॉलेजं सारखी नसतात. काही ठिकाणी हजेरी फक्त रजिस्टरमध्ये असते. फॉर्म भरण्याआधी तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठून विचारा, पाठ घ्यायला खऱ्या शाळेत किती आठवडे पाठवतात आणि पाठ चालू असताना कोणी मागे बसून बघतं का. घरी मराठी असेल तर तिचं गुजराती लिहिणं आत्तापासून पक्कं करून घ्या. आपल्या मुली बोलतात फाडफाड, पण फळ्यावर जोडाक्षर लिहायची वेळ आली की अडखळतात.

तुमचा प्रश्न मी पुतणीला वाचून दाखवला. म्हणाली, "त्यांना लिही, फॉर्म तिलाच भरू द्या."