सात खांब, एक ढापा

नगरपालिकेच्या आवक-जावक टेबलावर माझी २७ वर्षं गेली. मराठवाड्यातलंच तालुक्याचं गाव, ‘क’ वर्ग पालिका, म्हणजे २५ ते ४० हजारांची वस्ती. गावातलं कुठलंही गाऱ्हाणं आधी माझ्या टेबलावर यायचं, शिक्का पडायचा, मग साहेबांपुढं जायचं. या अंकासाठी वाचकांची तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिलीय, कारण त्याच दुखण्याची आणखी चार पत्रं माझ्याजवळ पडून आहेत.

ताई, माझी मुलगी बारावीला आहे. रात्री साडेआठला अभ्यासिका सुटते, मोंढ्याच्या मागच्या रस्त्यानं घरी यावं लागतं. गणपतीपासून तिथले सात खांब बंद आहेत आणि पाण्याच्या टाकीजवळ नालीवरचा ढापा फुटलाय. पालिकेत गेलं की म्हणतात महावितरणकडं जा, तिथं गेलं की म्हणतात हे पालिकेचं काम. आता मुलीचे बाबा म्हणायलेत, अभ्यासिका बंद कर. काय करू?
— एक आई, जि. परभणी

अभ्यासिका बंद करू नका. दिवा गेला पालिकेचा आणि शिक्षण बंद लेकीचं, हे कुठल्या हिशेबात बसतं? मुलीच्या बाबांना माझा निरोप सांगा, दिवे लागेपर्यंत गल्लीतल्या चार घरांनी पाळी लावून घ्या. रोज एक जण साडेआठला अभ्यासिकेच्या दारात. माझ्या मुलीच्या वेळी आम्ही असंच केलं होतं.

आता दिव्यांचं. रस्त्यावर दिवाबत्ती करणं हे पालिकेचं बंधनकारक काम आहे. १९६५च्या महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियमाचं कलम ४९ उघडा, कर्तव्यांच्या यादीत ते सुरुवातीलाच सापडेल. तरी तुम्हाला टोलवता येतं, कारण खांब आणि तारा बहुतेक ठिकाणी महावितरणच्या असतात आणि त्यावरचा दिवा, त्याची दुरुस्ती, त्याचं बिल पालिकेचं. तेव्हा दोन्हीकडचा माणूस थोडं थोडं खरंच बोलत असतो, अन् तुमची लेक अंधारात चालत राहते.

म्हणून अर्ज लिहायच्या आधी एकदा दिवेलागणीला तो रस्ता चालून या. आमचा वायरमन म्हणायचा, ‘‘बाई, सगळे गेले तर पेटी बघा, मधलाच गेला तर दिवा बघा.’’ रस्त्यावरच्या दिव्यांची तार वेगळी असते आणि ती एका पेटीतून चालू-बंद होते. ओळीनं सगळे खांब काळे असतील तर पेटीतला फ्यूज किंवा टायमर गेलेला असतो, नाहीतर तार तुटलेली, नाहीतर बिल थकलं म्हणून पुरवठाच तोडलेला. एक पेटतोय, दोन बंद, पुन्हा एक पेटतोय, असं असेल तर दिवे जळालेत आणि ते बदलणं देखभालीच्या ठेकेदाराचं काम आहे. तुमचे सातही ओळीनं बंद दिसतायत, म्हणजे आधी पेटीकडं बोट दाखवा. महावितरणच्या १९१२ या नंबरवर फोन करून तक्रार क्रमांक घ्या आणि तोच क्रमांक पालिकेच्या अर्जात लिहा. मग दोघांनाही एकमेकांचं नाव सांगून सुटता येत नाही. चालताना एखाद्या खांबाची तार लोंबताना दिसली, किंवा पावसात खांबाला करंट उतरतोय असं कुणी म्हणालं, तर त्याला हात लावू नका, लेकरांना लांब ठेवा आणि १९१२ला तिथूनच फोन लावा.

अर्ज कसा लिहावा, हे मला एका इस्त्रीवाल्यानं शिकवलं. तोवर माझ्याकडं यायचे ते अर्ज असे: ‘आमच्या भागात लाईट नाही, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी ही नम्र विनंती.’ कुठला भाग, किती दिवे, कुणी काय करायचं, काहीच नाही. या माणसानं पोराच्या चौकटीच्या वहीचं पान आणलं होतं. मधून रस्त्याची रेघ, रेघेवर खांब, प्रत्येक खांबाशेजारी घर: पिठाची गिरणी, पडका वाडा, मशिदीची भिंत, डॉक्टरांचं घर. बंद खांबांवर लाल पेनानं फुली. ज्या खांबांवर नंबर रंगवलेला होता तो नंबरही. मी त्यावर आवक नंबर टाकला. वायरमन तिथंच उभा होता, त्यानं ते पान वाचलं, त्याची झेरॉक्स काढून घडी घालून खिशात ठेवली. संध्याकाळी चार दिवे लागले. उरलेल्या दोघांना तार लागली, ते आठवड्यानं लागले. वायरमनला कुठं जायचं ते कळलं होतं, एवढीच त्यातली जादू. तुम्हीही तसंच पान काढा. नाव मुख्याधिकाऱ्यांचं घाला, अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. टेबलावरचा माणूस ‘राहू द्या, पाठवतो साहेबांकडं’ म्हणेल. मी म्हणायचे. तरी थांबा.

ढाप्याचा अर्ज वेगळा करा. एका कागदात दोन कामं घातली की कागद एका विभागात जातो आणि दुसरं काम तिथंच मरतं. दिवे विद्युत विभागाचे, ढापा बांधकामाचा. ही गोष्ट मी जरा जोर देऊन सांगते, त्याला कारण आहे. आमच्या गावात शाळेच्या मागं असाच एक ढापा फुटला होता. त्याचा अर्ज पाण्याच्या तक्रारीसोबत एकाच कागदावर आला. मी तो पाणीपुरवठ्याला पाठवला, त्यांनी पाण्याचं बघितलं आणि कागद फाईलला लावून माझ्याकडं परत दिला. दोन महिन्यांनी पहाटे देवळाकडं निघालेले एक आजोबा त्या नालीत पडले, खुब्याचं हाड मोडलं. ते परत चालले नाहीत. फाईल काढली तेव्हा अर्जावर माझ्याच अक्षरात आवक नंबर होता. त्यानंतर नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत दोन कामांचा अर्ज आला की मी माणसाला बसवून घ्यायचे आणि दोन कागद लिहून घ्यायचे.

पंधरा दिवसांत हालचाल झाली नाही तर माहिती अधिकार वापरा. साध्या कागदावर अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून रागाचा मजकूर वगळा. विचारा एवढंच: अमुक आवक नंबरच्या अर्जावर कोणत्या तारखेला कुणी काय शेरा लिहिला, आणि दिव्यांच्या देखभालीचा ठेका कुणाकडं, कधीपर्यंत आहे. उत्तराला ३० दिवस असतात. पुष्कळदा उत्तराआधी दिवाच लागतो, कारण शेरा कोराच असतो आणि तो कोरा दाखवायची कुणाची तयारी नसते.

‘निधी नाही’ असं ऐकवतील. मध्य प्रदेशातल्या रतलामच्या लोकांनाही तिथल्या पालिकेनं हेच ऐकवलं होतं. उघड्या गटारी आणि घाणीला कंटाळून ते दंडाधिकाऱ्यांकडं गेले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि १९८०मध्ये न्यायालयानं सांगितलं की पैसा नाही ही सबब पालिकेला आपल्या मूळ कर्तव्यातून सोडवत नाही. त्या वेळचं फौजदारी संहितेचं कलम १३३ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ झालंय. उघड्या ढाप्यासारख्या सार्वजनिक धोक्याबद्दल त्याखाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडं अर्ज करता येतो. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, पण मुख्याधिकाऱ्यांशी बोलताना हा आकडा तोंडात असू द्या.

आणि नगरसेवकाला धरा. बऱ्याच पालिकांवर काही वर्षं प्रशासक होते, ठराव मांडायलाच कुणी नव्हतं. डिसेंबर २०२५च्या निवडणुकांनंतर माणसं निवडून आली आहेत. त्यांना अर्जाची प्रत द्या आणि पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत हा रस्ता घ्यायला सांगा. चार आया मिळून गेलात तर बरं.

आमच्या भागात दोन घरफोड्या झाल्यापासून पोरं रात्री गस्त घालतात. गेल्या आठवड्यात जडीबुटी विकणाऱ्या दोघांना त्यांनी अडवलं, मारलं. मोबाईलवर ‘टोळी आलीय’ असा निरोप फिरत होता. ते दोघं निरपराध निघाले. माझा मुलगाही गस्तीला जातो. त्याला थांबवू का?
— निवृत्त शिक्षक, जि. बीड

गुरुजी, गस्त थांबवू नका, मारणं थांबवा. आणि ते आजच.

१ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला काय झालं ते मुलाला बसवून सांगा. मुलं पळवणारी टोळी आलीय, अशी अफवा होती. आठवडी बाजारात आलेल्या पाच माणसांना जमावानं कोंडून मारलं. पाचही जण मेले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, पोट भरायला गाव सोडून निघालेले. आपल्याकडं २०२४च्या पावसाळ्यात रात्री ड्रोन फिरतायत म्हणून गावंच्या गावं जागी होती, ते आठवत असेलच. त्या दिवसांत अनोळखी माणसाला वाट विचारायचीसुद्धा भीती वाटत होती.

ज्यांच्या झोळीत आपल्या आया जोंधळे घालायच्या, त्यांच्याच नातवंडांना आपली पोरं आधारकार्ड मागतायत, हे मला सहन होत नाही. गावाबाहेरच्या माळावर दरवर्षी पालं पडतात ना? दिवसाउजेडी मुलाला घेऊन तिथं जा. कुठून आलात, किती दिवस आहात, लेकरं किती, विचारा. ओळख झालेल्या माणसावर रात्री हात उठत नाही.

गस्तीची नीट घडी बसवायची तर पोलीस ठाण्यात पोरांच्या नावांची यादी द्या आणि बीट अंमलदाराचा, म्हणजे आपला भाग ज्याच्याकडं आहे त्या पोलिसाचा, नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये घाला. हातात बॅटरी आणि शिट्टी, काठी नको. कुणी संशयित दिसला तर चार हात लांब उभं राहून ११२ला फोन, पोलीस येईपर्यंत नुसती नजर. काठी हातात असली की ती उचलली जाते. अन् जमावात सामील असलेला प्रत्येक जण आरोपी होऊ शकतो, घाव कुणी घातला एवढ्यावर कायदा थांबत नाही, हेही पोरांना ठाण्यातल्या साहेबांच्या तोंडून ऐकू द्या.

मार खाल्लेल्या त्या दोघांना दवाखान्यात कुणी नेलं का, हे तुमच्या पत्रात नाही. नेलं नसेल तर तुम्ही जा.

शेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये आटलेली बोअर आहे. केसिंग पाईप कुणीतरी काढून विकला. तोंडावर फरशीचा तुकडा ठेवलाय. मालक पुण्याला. लेकरं तिथंच क्रिकेट खेळतात.
— एक वाचक, जि. लातूर

फरशीचा तुकडा लेकरू चेंडूसाठी उचलून बघणारच. हे पत्र वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. आपल्याकडं दर दुष्काळात बोअर पडतात, निम्म्या कोरड्या निघतात, मशीन निघून जातं आणि साडेसहा इंचाचं भोक तसंच राहतं. २००६मध्ये हरियाणात बोअरमध्ये पडलेल्या एका मुलाला वर काढायला दोन दिवस लागले होते. तो वाचला. सगळी वाचत नाहीत.

सर्वोच्च न्यायालयानं २०१०मध्येच सांगून ठेवलंय की सोडून दिलेली बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडगोट्यांनी भरलीच पाहिजे. चालू बोअरच्या तोंडाला झाकण वेल्डिंग करून किंवा नटबोल्टनं आवळून बसवायचं. मालकाला आज फोन करा, भरायची परवानगी मोबाईलवर लिहून घ्या. तो फोन उचलत नसेल तर प्लॉटचा नंबर घालून मुख्याधिकारी आणि तहसीलदार दोघांना अर्ज द्या, सोबत फोटो. तोवर फरशीच्या जागी दोघांना मिळून उचलावा लागेल असा दगड ठेवा आणि भोवती बाभळीच्या काटेरी फांद्या लावा.

खर्चाची धास्ती घेऊ नका. मी हिशेब करून बघितला, साडेसहा इंचाची ४०० फूट खोल बोअर एका ब्रासपेक्षा, म्हणजे १०० घनफुटांपेक्षा, थोड्या कमी मुरमात भरते. गल्लीत कुठं ना कुठं बांधकाम चालू असतं, तेवढा मुरूम उरलेला असतो. मालक ‘हो’ म्हणाला की त्याच दिवशी चार मोठी माणसं आणि दोन घमेली घेऊन भरून टाका. मुरूम खाली बसतो, म्हणून पहिल्या पावसानंतर जाऊन परत एकदा बघा आणि वरून भर घाला.