घर विकायला काढण्यापूर्वी सजावटीवर खर्च करावा का?

तुम्ही विचारलंय की घर दाखवायला सुरुवात करण्याआधी नवा रंग, नवे पडदे, भाड्याचं फर्निचर यांवर पैसे घालावेत का. घालावेत, पण सगळ्यात शेवटी. घर बघायला आलेला माणूस मनात एकच हिशेब मांडत असतो: इथे आल्यावर आपल्याला काय काय करून घ्यावं लागेल? गळका नळ, फरशीला घासणारं दार, हलणारा स्विच दिसला की न दिसणारी कामंही तो त्या हिशेबात धरतो. म्हणून आधी दुरुस्ती, मग रंग, मग साफसफाई, मग मांडणी आणि त्यानंतरच फोटो.

दुरुस्तीत पहिला मान ओलीचा. पोपडे खरवडून वरून पुट्टी आणि रंग मारला तर काही दिवसांत तिथेच पुन्हा फुगे येतात, कारण भिंतीतलं पाणी बाहेर पडताना क्षार सोबत आणतं आणि ते रंगाचा थर मागून ढकलतात. ओल कुठून येते हे आधी ठरवा. साधारण दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक भिंतीवर चारही कडांनी टेप लावून बंद करा आणि एक-दोन दिवस तसंच ठेवा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला पाणी धरलं तर ओल भिंतीतून येते. गळती शोधून बंद करा, भिंत पूर्ण सुकू द्या, मगच प्रायमर. खोलीकडच्या बाजूला धरलं तर ती हवेतली वाफ आहे, तिथे हवा खेळती ठेवणं हाच उपाय. डाग झाकून घर विकू नये असं मी ठामपणे सांगेन. काय दुरुस्त केलं ते सांगा, बिल दाखवा. घेणाऱ्याचा विश्वास त्यानेच बसतो.

रंग देताना डागापुरता ब्रश फिरवू नका. जुना रंग उतरलेला असतो, त्यावर नवं ठिगळ लांबून दिसतं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत रंगवा, फिकट आणि मॅट. चकचकीत रंगात भिंतीचे उंचवटे उठून दिसतात.

वासाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं, कारण रोज राहणाऱ्याच्या नाकाला तो कळतच नाही. बाहेरच्या माणसाला बोलावून विचारा. बंद घरात गटाराचा वास येत असेल तर बहुधा बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमधलं (जाळीखालच्या, पाणी साठून राहणाऱ्या भांड्यातलं) पाणी आटलेलं असतं. ते पाणीच वायू अडवतं, त्यामुळे प्रत्येक जाळीत एक-दोन तांबे पाणी ओतलं की काम होतं. रूम फ्रेशनर टाळा. दाट सुगंध आला की माणूस काय लपवलंय ते शोधू लागतो.

नळावरचे पांढरे डाग व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवल्याने निघतात. मात्र ते संगमरवरावर सांडू देऊ नका; आम्लाने दगडाची चकाकी जाते आणि पुन्हा पॉलिश करावं लागतं.

एका खोलीत पांढरा आणि पिवळा बल्ब एकत्र लावू नका, भिंती मळकट दिसतात. बैठकीत आणि झोपायच्या खोल्यांत २७०० ते ३००० केल्विनचे बल्ब (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळसर), स्वयंपाकघरात ४००० चालेल. पडद्याचा रॉड खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंना वीतभर लांब घ्या, म्हणजे पडदा सारला की पूर्ण काच मोकळी राहते.

सामान कमी करा, पण घर रिकामं करू नका. रिकाम्या खोलीत पलंग मावेल का, हेच समजत नाही. चालायच्या वाटेला निदान अडीच-तीन फूट जागा सोडा. कपाटंही उघडून बघितली जातात. ती गच्च भरलेली असली तर घरात जागा अपुरी पडते असंच वाटतं. नवं स्वयंपाकघर मात्र बसवू नका, घेणारा ते आपल्या आवडीने बदलतो.

फोटो दिवसा, सगळे दिवे लावून, कॅमेरा साधारण चार फूट उंचीवर सरळ धरून काढा. अतिरुंद लेन्सने खोली हॉलएवढी दाखवली तर प्रत्यक्ष बघताना निराशाच होते. घर दाखवायच्या वेळी शक्यतो घरातल्यांनी बाहेर जावं, म्हणजे बघणारे मोकळेपणाने बोलतात. दागिने, औषधं आणि बँकेची कागदपत्रं त्याआधी कुलपात ठेवा.