सौरऊर्जेची पदवी घेऊ की इलेक्ट्रिकल? आधी तेल नेमकं कुठे जळतं ते बघू

पत्र (थोडक्यात): मी बारावीला, विज्ञान शाखेत आहे. पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी आठवडाभर घरात तेलावर चालणाऱ्या गोष्टींची वही ठेवली. बाबांची मोटार, आईची स्कूटर, दिवे, पंखे, पाण्याचा पंप... यादी लिहिताना मीच हादरले. तेव्हापासून ठरवलंय की तेलाला पर्याय देणाऱ्या क्षेत्रातच काम करायचं. गाडीच्या टपावर सौर पॅनेल लावून पेट्रोल कायमचं बंद करायचं, हे माझं स्वप्न आहे. एका कॉलेजात ‘नवीकरणीय ऊर्जा अभियांत्रिकी’ ही नवी पदवी सुरू झालीय. ती घेऊ का? बाबा म्हणतात, हे क्षेत्र अनुदानावर चालतं, तेल स्वस्त झालं की सगळे विसरतात, त्यापेक्षा कॉम्प्युटर घे. मैत्रीण म्हणते, वीज तरी कोळशाचीच, मग उपयोग काय? मला भौतिकशास्त्र आवडतं, रसायनशास्त्रात गुण बरे आहेत, गणित जेमतेम.

प्रिय विद्यार्थिनी,

आवडलेल्या विषयाची वही ठेवून मग निर्णय घ्यायला बसणारी मुलं फार कमी भेटतात, त्यामुळे तुझं पत्र वाचून खरंच आनंद झाला. तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या वहीतच आहे. फक्त वहीत दोन दुरुस्त्या करायला हव्यात.

पहिली दुरुस्ती. दिवे, पंखे आणि पंप तू तेलाच्या खात्यात मांडलेस. डिझेल जनरेटरवर चालणारी बेटं आणि दुर्गम वस्त्या सोडल्या तर ते तेलाचं खातं नाही. जगातल्या एकूण विजेपैकी तेलापासून होणारी वीज तीन टक्क्यांच्या आसपास आहे. बाकीची कोळसा, नैसर्गिक वायू, पाणी, अणुऊर्जा, वारा आणि सूर्य यांच्यापासून येते. म्हणजे घराच्या छतावर पॅनेल बसवलं तर बहुतेक ठिकाणी कोळसा किंवा वायू वाचतो. तोही वाचायलाच हवा, पण त्याने तेलाचा थेंबही कमी होत नाही.

दुसरी दुरुस्ती, जे सुटलं त्याची. सिलिंडरमधल्या स्वयंपाकाच्या गॅसचा मोठा भाग रिफायनरीतून किंवा तेल-वायूच्या विहिरींतूनच येतो, आणि तो तुझ्या यादीत नाही. रस्त्याचं डांबर, प्लास्टिकच्या बादल्या, पॉलिस्टरचे कपडे, रंगाचे डबे यांचं मूळही बहुतांशी तेलातच. सगळ्यात मोठी सुटलेली नोंद म्हणजे मालवाहतूक. घरात आलेली जवळपास प्रत्येक वस्तू कधी ना कधी डिझेलच्या ट्रकमधून किंवा जहाजातून आलेली असते, आणि ते डिझेल तुमच्या कुठल्याच बिलावर दिसत नाही.

या दुरुस्त्या केल्यावर चित्र स्पष्ट होतं. जगात रोज साधारण दहा कोटी पिंपं तेल लागतं, एक पिंप म्हणजे सुमारे १५९ लिटर. त्यातलं निम्म्याहून जास्त वाहतुकीत जळतं. तेलावरचं रोजचं अवलंबन कमी करायचं असेल तर काम मुख्यतः चाकांपाशी आहे. म्हणून आवडीचं नाव शोधत बसू नकोस. तेल जिथे जळतं ती जागा धर आणि तिथे कुठलं कौशल्य कमी पडतंय ते बघ.

आता तुझ्या स्वप्नाकडे वळते. टपावरच्या पॅनेलचा हिशेब आपण कागदावर करून बघू, कारण या क्षेत्रात पुढे रोज हेच करायचं आहे. मोटारीच्या टपावर पॅनेलला फार तर अडीच चौरस मीटर जागा मिळते. भर दुपारी स्वच्छ उन्हात एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊर्जा पडते. आजचं चांगलं पॅनेल तिच्यातला पाचवा हिस्सा विजेत बदलतं. म्हणजे अडीच चौरस मीटरमधून ५०० वॅट. सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन धरून दिवसभराची बेरीज चार-पाच तासांच्या भर उन्हाइतकी होते, म्हणजे दोन-अडीच युनिट (हजार वॅट तासभर म्हणजे एक युनिट). लहान विजेच्या मोटारीला किलोमीटरला साधारण ०.१५ युनिट लागतं. भाग देऊन बघ, पंधरा किलोमीटरच्या आसपास उत्तर येतं. तेही गाडी दिवसभर उन्हात उभी राहिली तर. सावलीत लावली की संपलं.

निराश होऊ नकोस, कारण याच आकड्यांत चांगली बातमीही आहे. तेच पॅनेल घराच्या किंवा ऑफिसच्या छतावर योग्य कोनात बसवलं, जागेची अडचण नसल्याने चौपट लावलं आणि गाडी त्यावर चार्ज केली, तर रोजचं जाणं-येणं आरामात भागतं. छतावरच्या पॅनेलने तेल वाचतं ते अशा जोडणीतून. पॅनेल आणि चाक यांच्यामध्ये जे आहे, म्हणजे इन्व्हर्टर, चार्जर, बॅटरी, कंट्रोलर, मोटर, तिथे खरी माणसं हवी आहेत.

मैत्रिणीचा प्रश्न रास्त आहे, त्याचं उत्तर तिलाही दे. पेट्रोलचं इंजिन इंधनातल्या ऊर्जेपैकी २० ते ३० टक्केच चाकापर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता होऊन निघून जाते. विजेच्या गाडीत बॅटरीतली ८० टक्क्यांच्या वर ऊर्जा चाकापर्यंत जाते. ब्रेक लावताना तीच मोटर जनित्र होते आणि थोडी ऊर्जा परत बॅटरीत भरते. आणि तेलापासून वीज फारशी बनतच नाही, त्यामुळे वीज कोळशाची असली तरी त्या गाडीची तेलाची गरज त्याच दिवशी संपते. धूर किती कमी होईल ते मात्र वीज कशी बनते यावर ठरतं. हे दोन वेगळे हिशेब आहेत आणि दोन्हींवर काम करणारी माणसं लागणार आहेत. गॅसच्या शेगडीचंही असंच आहे. तिची बरीच उष्णता भांड्याच्या कडेने निसटते, तर इंडक्शनवर बहुतेक उष्णता भांड्यातच तयार होते.

बाबांचं म्हणणं उडवून लावू नकोस. ते इतिहासाला धरून बोलताहेत. १९७३ च्या तेलसंकटानंतर ब्राझीलने १९७५ मध्ये उसाच्या इथेनॉलची मोठी राष्ट्रीय योजना आखली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी बहुतांश निव्वळ इथेनॉलवर चालणाऱ्या होत्या. मग १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले, दशक संपता संपता इथेनॉलचा तुटवडा पडला आणि लोकांनी त्या गाड्यांकडे पाठ फिरवली. पेट्रोल आणि इथेनॉलच्या कुठल्याही प्रमाणातल्या मिश्रणावर चालणाऱ्या गाड्या तिथे २००३ मध्ये आल्या, तेव्हा कुठे इथेनॉलचा वापर परत रुळावर आला. लिथियम बॅटरीची सुरुवातीची कथाही तशीच आहे. स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी सत्तरच्या दशकात तिच्यावर काम केलं ते एक्सॉन या तेलकंपनीच्या प्रयोगशाळेत. कंपनीने पुढे त्यातून अंग काढून घेतलं. ते काम जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो यांनी पुढे नेलं, १९९१ मध्ये सोनीने ती बॅटरी बाजारात आणली आणि २०१९ मध्ये या तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मग आज वेगळं काय आहे? माझ्या मते, खर्च. २०१० ते २०२० या दशकात मोठ्या सौर प्रकल्पांतल्या विजेचा खर्च सुमारे ८५ टक्क्यांनी उतरला, आणि बॅटरी पॅकही २०१० च्या तुलनेत कितीतरी स्वस्त झाले. आता अनुदान गेलं तरी बऱ्याच ठिकाणी हिशेब जमतो. तरीही धोरणं बदलतात, कंपन्या बुडतात, नोकऱ्या जातात. म्हणूनच बाबांच्या काळजीचा उपयोग करून घे. एखाद्या लाटेच्या नावाची पदवी घेण्यापेक्षा लाट ओसरली तरी कामाला येईल असा पाया निवड.

यातच तुझ्या मुख्य प्रश्नाचं उत्तर आहे. ‘नवीकरणीय ऊर्जा अभियांत्रिकी’ पदवीच्या पातळीवर घेऊ नकोस, असं मी सुचवेन. अशा अभ्यासक्रमांत अनेकदा सौर, पवन, बायोगॅस, हायड्रोजन यांची प्रत्येकी थोडी ओळख होते आणि हातात एकही विषय पक्का राहत नाही. आधी इलेक्ट्रिकल किंवा केमिकल घे आणि ऊर्जेचा विषय पदव्युत्तर शिक्षणासाठी ठेव. इलेक्ट्रिकलवाला सौर प्रकल्पात चालतो, रेल्वेत चालतो, कारखान्यातही चालतो.

दोन्हींमधलं कुठलं, हे तू ठरवायचं आहेस, पण तुझ्या वर्णनावरून माझा कल केमिकलकडे आहे. कारण सांगते. एक किलो पेट्रोलमध्ये बारा युनिटच्या वर ऊर्जा असते, एक किलो लिथियम सेलमध्ये जेमतेम पाव युनिट. इंजिनची उधळपट्टी वजा केली तरी वजनामागे चौदा-पंधरा पटींचा फरक उरतोच. स्कूटर, मोटार, शहरातली बस यांना तो झेपतो. समुद्र ओलांडणाऱ्या विमानाला आणि मालवाहू जहाजाला झेपत नाही. तिथे नव्या प्रकारचं विमान इंधन, हरित अमोनिया, मिथेनॉल यांवर काम चाललंय आणि ते सगळं रसायनशास्त्राचं आहे. सेलचं अंतरंगही रसायनशास्त्रच. कोबाल्ट आणि निकेल टाळणारे लोह-फॉस्फेटचे सेल आज लाखो गाड्यांत आहेत, सोडियमचे सेल येऊ लागलेत, आणि जुन्या बॅटरीतून धातू परत काढण्याचं काम तर आत्ता कुठे सुरू होतंय. हायड्रोजनच्या बाबतीत मात्र जपून. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन काढायला ५० ते ५५ युनिट वीज जाते आणि त्यात वापरता येण्याजोगी ऊर्जा ३३ युनिट असते. पोलाद, खत, जहाजं यांसाठी त्याला जागा आहे. रोजच्या मोटारीसाठी मला त्यात अर्थ दिसत नाही.

इलेक्ट्रिकलची ओढ जास्त असेल तर गणितावर एक वर्ष नेटाने खर्च करावं लागेल, हे आधीच सांगून ठेवते. बॅटरीतून सरळ वीज (डीसी) येते, मोटरला बहुधा उलटसुलट वाहणारी (एसी) लागते. मध्ये बसलेला कंट्रोलर सेकंदाला हजारो वेळा स्विच उघडबंद करून एकीतून दुसरी घडवतो. तो समजून घ्यायला पॉवर इलेक्ट्रॉनिक्स हवं आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्सला डिफरन्शियल इक्वेशन्सची भीती चालत नाही. ‘जेमतेम’ म्हणजे कंटाळा आहे की कुठली तरी आधीची पायरी कच्ची राहिली आहे, हे एखाद्या शिक्षकाजवळ बसून तपास. पायरी कच्ची असेल तर ती भरून निघते.

बाबांचं कॉम्प्युटरही टाकाऊ नाही. ऊन-वाऱ्याचा अंदाज, हजारो गाड्या एकाच वेळी चार्जिंगला लागल्या तर ग्रिड सांभाळणं, बॅटरीचं आयुष्य ओळखणं, या सगळ्यात प्रोग्रामिंग लागतं. पायथॉन शिकून घे, शाखा कुठलीही असो.

तुझ्या वर्गातल्या कुणाला पदवी नको असेल तर त्यांनाही हे पत्र दाखव. कुशल तंत्रज्ञांची गरज इथे फार मोठी आहे आणि ते काम दुय्यम मुळीच नाही. घरातली वीज सेकंदाला शंभरेक वेळा शून्यावरून जाते, त्यामुळे ठिणगी लवकर विझते. बॅटरी पॅकची ४०० ते ८०० व्होल्टची सरळ वीज कधीच शून्यावर येत नाही, तिची ठिणगी पेटती राहते. सौर पॅनेल तर प्रकाश असेपर्यंत बंदच करता येत नाही. हे जाणून सुरक्षित जोडणी करणारी माणसं पुरेशी नाहीत. म्हणूनच एक कळकळीची सूचना: प्रकल्पाच्या उत्साहात जुना लिथियम सेल घरी उघडून बघू नकोस.

आणखी एक वाट आहे, जिचा फारसा कुणी विचार करत नाही याचं मला वाईट वाटतं. तेल वाचवण्यासाठी दर वेळी नवं इंधन लागतंच असं नाही. पन्नास माणसं बसमध्ये बसली तर डिझेलची बससुद्धा पन्नास स्कूटर-मोटारींपेक्षा पुष्कळ कमी तेल पिते, आणि विजेची असेल तर अजिबात पीत नाही. बसचे मार्ग, स्टेशनपर्यंत सुरक्षित चालत जाता येणं, सायकलला जागा, रेल्वेवर जाणारा माल, हे वाहतूक नियोजनाचं काम आहे. सिव्हिल किंवा भूगोलातूनही तिथे जाता येतं. तुला माणसांत काम करायला आवडत असेल तर या वाटेचाही मनापासून विचार कर.

येत्या काही महिन्यांत दोन गोष्टी कर. टपावरच्या पॅनेलचा जसा हिशेब केला तसाच बाबांच्या मोटारीचा, आईच्या स्कूटरचा आणि गॅसचा कर: महिन्याला किती इंधन जातं, त्यातली किती ऊर्जा खरोखर कामी येते, त्याऐवजी किती युनिट वीज लागेल. बाबांना तो कागद दाखवून चर्चा कर. असा कागद समोर असला की अनुदानाची चर्चाही मुद्द्यावर राहते.

दुसरी गोष्ट कॉलेजची. माहितीपत्रकावर विसंबू नकोस, स्वतः जाऊन बघ. पॉवर इलेक्ट्रॉनिक्स किंवा इलेक्ट्रोकेमिस्ट्री कितव्या वर्षी शिकवतात आणि शिकवणारे पूर्णवेळ आहेत का ते विचार. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठून त्यांनी स्वतःच्या हाताने काय बनवलं, काय मोजलं ते ऐक. प्रयोगशाळा उघडून दाखवायला सांग. उपकरणांवर प्लास्टिकची आवरणं तशीच असतील किंवा किल्ली कुणाकडे आहे हेच कुणाला ठाऊक नसेल, तर पदवीचं नाव कितीही आकर्षक असू दे, दुसरं कॉलेज बघ.

तुझी,
करिअर मार्गदर्शक